टाके नसलेलं ऑपरेशन

बाबांच्या मूत्राशयातली गाठ साधीच निघाली. डॉक्टरांनी ती लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून काढली. पोटावर ओरखडाही नाही. घरी भेटायला आलेल्या आत्याने शहाळं ठेवत विचारलं, "टाके किती पडले?"

"एकही नाही," बाबा म्हणाले.

"मग ऑपरेशन कसलं रे दादा! नुसती नाटकं!"

सगळे हसले. आपल्याकडे दुखणंसुद्धा उघडून दाखवावं लागतं, तेव्हा कुठे माणसाला पडून राहता येतं. आतली जखम अजून ओली होती, पण हे चारचौघांत कसं सांगायचं?

ओशाळलेले बाबा उठले आणि दाराशी नुकताच आलेला गॅसचा भरलेला सिलिंडर उचलायला वाकले.

"नको! त्यांना लघवीतून रक्त जातंय," मी ओरडलेच.

बाबांनी सिलिंडर सोडला आणि माझ्याकडे न बघता ते आत गेले.