इश्वरचे मामाजी

माझं नाव इश्वर आहे, यात माझा काही दोष नाही. पण या नावापायी माझी आत्या एकदा महिनाभर विधवा झाली आणि ते पाप आजही माझ्याच माथी आहे.

आत्या म्हणजे सुलोचनाबाई. वरठीत आमच्या घरालगतच्या खोलीत राहायची, विड्या वळायची. तिचा नवरा धनीराम हा लग्नाकार्यातला आचारी. एकाहत्तरच्या हिवाळ्यात यात्रेकरूंच्या बसबरोबर स्वयंपाकाला म्हणून पुरीला गेला. बस परत आली, हा आला नाही. 'मागून येतो' एवढा निरोप आला. चार वर्षं गेली तरी मागून कोणी आलं नाही. हिला सवाष्ण म्हणून बोलवायचं की नाही, यावर गावातल्या बायका कुजबुजायच्या. आत्याला एवढंच कळून घ्यायचं होतं, की माणूस आहे की गेला. तिला एका जागी बसवत नसे. विडी वळता वळता उठायची, स्टेशनावर जायची, हावड्याकडून येणारी गाडी पाहून परत यायची. मी तिथे तिकीटबाबू होतो, मला तिची लाज वाटायची. खरं तेच सांगतो.

पंच्याहत्तरमध्ये लाखनीच्या एका यात्रेकरूने बातमी आणली. पुरीला समुद्रावर त्याने धनीरामला वडे तळताना पाहिलं होतं. पुढच्या वर्षी धान घरी आल्यावर आत्या एकटीच निघाली. बिलासपूरला गाडी बदलायची, एवढं मी तिला पाठ करून दिलं.

दहा दिवसांनी परतली ती रिकाम्या हातांनी आणि पांढऱ्या कपाळाने. घरात रडारड झाली. मी पाया पडायला वाकलो, तर ती दोन पावलं मागे सरली. पुढे महिनाभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी मीच खोदून विचारलं.

"मथुरेले कवा गेल्ता तू?" ती म्हणाली.

"मथुरेले? मी गोंदियाच्या पुढं नाही गेलो, आत्या."

"पंड्यानं सांगतलं मले. भाच्यानंच मारलं म्हने त्याईले, मथुरेत."

मग हळूहळू उलगडा झाला. नवऱ्याचं नाव बाईने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या मनात पक्कं. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात, म्हणून घरी ती त्याला 'इश्वरचे मामाजी' म्हणायची. देवळाच्या दारातही तिने मोडक्या हिंदीत तेच विचारलं, इश्वरचे मामाजी कुठे भेटतील? पंड्याला वाटलं, बाई कोडं घालते आहे. ईश्वर म्हणजे कृष्ण, आणि त्याचा मामा म्हणजे कंस. त्याने हसत हसत उत्तर देऊन टाकलं.

मला हसू आवरेना. बाबांनी सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत दिली, आणि योग्यच केलं. आत्या उठली, फडताळातून करंडा काढला, कुंकू लावलं. त्या दिवसापासून तिची तगमग दुप्पट झाली. मेल्याचं दुःख निदान एका जागी बसू देतं.

मी तिला नाव कागदावर लिहून दिलं. ती दर हिवाळ्यात पुरीला जाऊ लागली, पंधरा पंधरा दिवस धर्मशाळेत राहू लागली. कागद वाचायला देवनागरी जाणणारा माणूस हवा, आणि वडेवाले होते उडिया, मासे मारणारे नोलिया कोळी तेलुगू, हवा खायला आलेले बंगाली. शोध काही लागेना, पण त्या नादात सगळं शहर तिच्या पायाखालून गेलं. परत आली की चुलीपाशी सांगत बसायची.

"बंगाली लोक उन्हात माकडटोपी घालून फिरतेत. आन् ते नोलिया, वेताच्या टोकदार टोपीचे! परक्या बाईचा हात धरून लाटेत नेतेत, नवरा बाजूले उभा राहून हासते."

उडिया बायकांशी तिचं लगेच जमलं. त्याही धानाला धान म्हणतात आणि रातचा भात पाण्यात घालून खातात. पण खरी मैत्री जुळली ती आप्पलम्माशी. ही नोलियांच्या वस्तीतली, वाळूवर मासळी वाळवणारी. तिचा नवरा होडीसकट समुद्रात गेला होता. ती रोज किनाऱ्यावर उभी राहून त्याला नावाने हाक मारायची. आत्याची हकीकत ऐकून तिने विचारलं, "नाव घेत नाहीस, तर तो वळून पाहील कसा?"

हे आत्याला लागलं. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात ती म्हणाली, "इश्वर, यंदा तू चाल माह्यासंगं. एकटीचा जीव होत नाही."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर होतो. ओळीने वड्यांच्या कढया लागलेल्या, सुट्टीवर आलेल्यांची ही गर्दी. आत्याने पदर खोचला, डोळे मिटले आणि ओरडली, "धनीराम!"

एका कढईमागचा माणूस वळला. केस पिकलेले, दाढी वाढलेली, नुसतं पाहून ओळखला नसता, पण तोच. शेजारी एक बाई पीठ कालवत होती, दोन मुली पानं पुसत होत्या. त्याचा चेहरा उतरला.

"कायले आलीस?" तो पुटपुटला.

आत्याने त्याला नखशिखांत पाहिलं. "जित्ता हाये का नाही, ते पाहाले."

ती कढई त्याच्या अंगावर उलथावी असं माझ्या हाताला वाटत होतं. आत्याने माझं मनगट धरलं. "चाल. वडे जरून राहिले त्याचे."

परतताना बिलासपूरला गाडी बदलली. डब्यात बसलो, तेव्हा ती म्हणाली, "मले भेव होतं, नाव घेतलं का मानूस मरन. मानूस तसाच हाये. नवरा मेला." आणि मग रडली. डब्यातल्या बायका विचारत राहिल्या, कोण गेलं म्हणून.

मला वाटलं, सुटली बिचारी, आता घरी स्वस्थ बसेल. पुढच्या हिवाळ्यात धान निघालं, आणि आत्या पुन्हा गाठोडं बांधून तिकिटाच्या खिडकीशी उभी.

"आता कोणाले धुंडाले जातेस?" मी चिडून विचारलं.

"कोणालेच नाही. इथं मी धनीरामची टाकलेली बायको. आप्पलम्मा मले सुलोचना म्हनते."

मी पुरीचं तिकीट काढून दिलं.