राखी कोंबड्याची मान

आमच्या नादातली माशी उडत नसे. गळाच्या काट्यावर रेशमी धागा गुंडाळायचा, त्यात कोंबड्याच्या मानेचं लांबट, काटक पीस फिरवायचं, की पाण्यावर ती हुबेहूब माशी दिसते आणि मासा फसतो. मी बांधलेल्या माशीवर एकदा पाल झेपावली होती. पैनगंगेतला एक खडस मासा तर ती गिळून ढेकर देऊन गेला. तेव्हाचे साक्षीदार आता उरले नाहीत, एवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही.

हा नाद आम्हा तिघांना लावला रेल्वेपुलाच्या कामावरल्या एका गोऱ्या साहेबाने. साहेब बदलून गेला, नाद राहिला. तिघे म्हणजे जऊळक्याचे स्टेशनमास्तर, मंगरूळपीरचे शिंपी चाचा आणि वाशीमच्या वेशीबाहेर वांगी-मिरची पिकवणारा मी. आमच्यात बिस्किटाचा एक डबा फिरायचा, कधी माझ्या भाजीच्या गाडीतून, कधी कुणा बाजारकरूच्या पिशवीतून. डब्यातून पीस घ्यायचं तर तोलामोलाचं पीस ठेवायचं. विकायचं नाही. आणि पिसांसाठी कोंबडा मारायचा नाही; मानेची चार पिसं उपटली तर पुन्हा येतात.

माझा कोंबडा राखी होता. धुरासारखा, उन्हात निळा. असा रंग वऱ्हाडात दुसरा नव्हता, आणि वऱ्हाडाबाहेर मी गेलो नव्हतो, म्हणजे जगात नव्हता. आई माळकरी, घरात कोंबडं चालत नसे, म्हणून तो मळ्यातल्या खोपीत माझ्याजवळ राही. तो आरवला की जऊळक्याची मालगाडी सुटे, मास्तरांची झंडी मागाहून हले.

पुढे रेल्वेत नवा साहेब आला, तोही गळवेडा. मास्तरांनी माझ्या राखी पिसांच्या माश्या बांधून त्याला नजर केल्या. मास्तरांना अकोल्याची बदली हवी होती. एक दिवस ते स्वतः मळ्यात आले.

"दोन दिवस तुहा कोंबडा दे मले. सायबाले दाखवतो अन् माह्या हातानं आणून देतो."

"पिसं न्या नं मास्तर. पायजे तेवढी न्या."

"पिसं पाह्यली त्यानं. जिता पक्षी पाहाचा म्हन्ते. माह्यावर भरोसा नाही काय?"

भरोसा होता. दिला.

मास्तरांनी शब्द पाळला, आपल्या हाताने आणून दिला. पिशवीतून. मानेचं कातडं सोलून घेतलेलं होतं.

"मान सायबानं ठेवली," ते म्हणाले. "बाकी ताजं हाये, रस्सा चांगला होईन." मग खिशातून एक पाकीट काढलं. त्यात पिसांसकट सोललेली एका विलायती कोंबड्याची मान, तांबूस, चकचकीत. "आपला नियम मोडला नाही मी. मानेच्या बदल्यात मान."

मी कोंबडा विहिरीकाठी पुरला. ज्या आईने त्याला कधी उंबऱ्यापाशी येऊ दिलं नाही, तिने तिथे मूठभर ज्वारी टाकली. मग मी ते पाकीट घेऊन मंगरूळपीर गाठलं, चाचांकडे न्याय मागायला.

चाचांनी ती मान उजेडात धरून निरखली. "चीज तं बढिया हाये भाऊ. तुह्याच फायद्याचा सौदा झाला. मंग तोंड कायले पाडून बसला?"

"चाचा, त्याले मारला नं."

"अरे, कोंबडाच होता नं तो."

बोलता बोलता त्यांनी विलायती पिसं आपल्यासाठी निवडून घेतली आणि डब्यात आपली काळी ठेवली. मोजून, इमानदारीने. उरलेली मान मी त्यांच्याच दुकानात सोडून आलो.

मास्तरांना अकोला मिळालं. जाताना त्यांनी डबा माझ्याकडे धाडला. उघडला तर वरच एक राखी पीस. साहेबाने वाटा दिला असणार. ते घ्यायचं तर तोलामोलाचं ठेवणं आलं. तसं पीस फक्त माझ्याकडे असे, आणि तेच डब्यात होतं. मी झाकण लावलं आणि डबा पुढे चाचांकडे पाठवला. त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही, मीही मागितला नाही.

त्या पिसाच्या माशीवर चाचांनी म्हणे हातभर खडस धरला. मी सांगितला असता तर बैलाएवढा केला असता. मी तो कुणाला सांगत नाही.