कैदेत मेलेल्यांचा दगड

आमच्या पाथरवटाला सगळे घुम्या म्हणायचे. दिवसभरात चार शब्द बोलला तरी डोक्यावरून पाणी. टाकी मात्र अशी चालवायचा की शेजारच्याने स्वतःची खाली ठेवून बघत बसावं. मी दगड हलवणारा. पहार, पाचरी, ओंडके माझ्याकडे.

शत्रूच्या कैदेत मेलेल्या सैनिकांचं स्मारक चौकात उभारायचं ठरलं आणि नावांचा दगड घुम्याकडे आला. त्यात त्याच्या वडिलांचंही नाव होतं. ते परमुलखातल्या छावणीतच वारले. कुठे पुरलं, कुणालाच ठाऊक नाही. वडिलांसाठी जाऊन उभं राहायला घुम्याला हीच एक जागा मिळणार होती. सगळी नावं त्याने एकट्याने कोरली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एवढं काम पुन्हा त्याच्या हातून होणार नव्हतं.

काम संपलं, दगड धुतला. बाहेर पाठवण्याआधी दगड वाजवून बघायचा, ही आमची रीत. अखंड दगड खणखणतो, चिरलेला बद्द बोलतो. घुम्याने हातोडी मारली. बद्द. दुसरा कोपरा. बद्द. मीही मारून पाहिली. तेच.

तो मटकन खाली बसला. "गेला."

"कोण गेलं?" त्याची बायको डबा घेऊन आली होती.

"दगड, वहिनी. आत चीर आहे." मी वाजवून दाखवला.

"अहो भावजी, मडकं घेताना बोटांवर तोलून वाजवतात. मांडीत दाबलं तर नवंकोरंही फुटकंच बोलेल. याला तर ओल्या वाळूत झोपवलाय तुम्ही!"

"हिला दगडातलं काय कळतंय," घुम्या पुटपुटला.

"जन्म गेला माझा दगडाशी बोलण्यात. उचला आधी!"

आम्ही नेहमी दगड ओंडक्यांवर ठेवूनच वाजवायचो. या वेळी अक्षरांना धक्का नको म्हणून वाळूवर निजवला होता. धुताना वाळू भिजून खाली घट्ट बसली, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पहार घातली, बोटभर उचलला, पाचर मारली. पुन्हा पहार, पुन्हा पाचर. घाई केली असती तर खरंच तुटला असता. ओंडके खाली सरकले तेव्हा माझी पाठ धरली होती.

घुम्या हातोडी घेईना. "तू मार."

मी मारली. दगड असा खणखणला की कुंपणावरचे कावळे उडाले.

मग त्याने हातोडी हिसकावली आणि चारी बाजूंनी वाजवत सुटला.

"पुरे, फोडाल आता खरोखरचा!" वहिनी ओरडल्या. हसतही होत्या, डोळेही पुसत होत्या.

तो जेवायला बसला. स्वतःचा डबा संपवला, माझाही संपवला.