देव नसलेलं बेट

हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मी कुणासाठी थांबत नाही. चुका काय, सगळेच करतात. कुणी भलत्याच लग्नात जेवून येतो, कुणी दुसऱ्याच्या चपला घालून घरी येतो. पण माझी चूक अशी जबरी की ती अजून नातेवाइकासारखी अधूनमधून दारात येऊन उभी राहते. आणि केली कुठे? भर समुद्रात, लक्षद्वीपच्या एका पोवळ्याच्या बेटावर!

मी अंबरनाथ पूर्वेचा. सरकारी कारखान्यात लेथवर होतो. दिवसभर कानात नुसती घरघर. त्यामुळे की काय, जरा कुठे शांत वाटलं की माझी तंद्री लागते. सुनंदा, म्हणजे आमची ही, म्हणते, "तुम्ही डोळे उघडे ठेवून झोपता." खोटं नाही ते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सरकार आम्हाला चार वर्षांतून एकदा सहकुटुंब फिरायला जायचं भाडं द्यायचं, एलटीसी. लोक त्यात थंड हवेच्या ठिकाणी जायचे. आम्ही मात्र देवाला. का ते सांगतो. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. मग काय, ज्याने जो देव सांगितला त्याच्या पायऱ्या चढलो. अंबरनाथचं देऊळ तर घरचंच, पण कुळगावच्या वडाखालचा दगडसुद्धा आम्ही सोडला नाही. सुनंदाचे उपास चालू, धागे चालू, आणि हळदीकुंकवाला गेली की बायकांचं "काय गं, काही विशेष?" तेही चालू.

एक दिवस पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "या खेपेला मला देव नको."

"म्हणजे?"

"म्हणजे जिथे देऊळ नाही, रांग नाही, नारळ नाही, अशा ठिकाणी न्या मला. मला नुसतं पाणी बघत बसायचंय. कुणाकडे काही मागायचं नाही."

आवाजात राग नव्हता हो, नुसता थकवा होता. मला एकदम गलबलून आलं. म्हटलं, दिला शब्द! पण आपल्या देशात देव नाही अशी जागा शोधायची कुठे? आमच्या खात्यातले कांबळेसाहेब वाचनवेडे. ते म्हणाले, "सावंत, लक्षद्वीपला एक बेट आहे. वस्ती नाही. पर्यटकांच्या चार झोपड्या आणि भोवती पोवळ्यांचं रान."

"देऊळ?"

"अहो, विडीकाडीचं दुकान नाही तिथे!"

ठरलं. कांबळेसाहेब आणि वहिनीसुद्धा बरोबर निघाले. कोचीहून बोटीत बसलो तेव्हा आणखी एक ओळख झाली, उल्हासनगरच्या लाजोभाभी. पापडाचा धंदा, बरोबर मोठा गोतावळा आणि अख्ख्या बोटीला पुरून उरेल एवढा पापडाचा डबा. "अरे सावंतभाई, अंबरनाथ के हो? फिर तो घर के हो, साईं!" असं म्हणून त्यांनी आम्हाला तिथेच दत्तक घेतलं.

आणि बेट! काय होतं ते बेट! पाणी आधी हिरवं, मग निळं, मग मध्येच दुधात शाई सांडावी तसं. लाट अशी नाहीच. पाणी किनाऱ्याला नुसतं हात लावून परत जायचं. मी त्या वाळूवर पाय ठेवला आणि कानातली कारखान्याची घरघर बंद झाली. अगदी खटका बंद केल्यासारखी. सुनंदा पाण्यात पाय सोडून बसली ती जेवायला हाक मारली तरी उठेना. तिचा चेहरा इतका निवांत मी लग्नानंतर पाहिला नव्हता.

उतरल्या उतरल्या एका मॅडमनी आम्हा सगळ्यांना नारळपाणी देऊन नियम सांगितले. मॅडम मद्रासकडच्या, समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायला तिथे राहिलेल्या. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. "ये कोरल पत्थर नहीं है. ये जिंदा है. इस पर पाँव मत रखना." एवढं मी ऐकलं आणि माझी तंद्री लागली. जिवंत दगड! पुढे त्या बरंच काही सांगत होत्या. शिंपले उचलू नका, माशांना खायला घालू नका, आणि वाळूबद्दलही काहीतरी महत्त्वाचं. ते नेमकं माझ्या कानापर्यंत आलंच नाही. मी त्या जिवंत दगडांवर तरंगत होतो ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाग आली. सुनंदा झोपलेली. मी एकटाच फिरायला निघालो. बेटाच्या मागच्या अंगाला माणूस नाही, आवाज नाही, आकाश आणि पाणी यांच्यात शिवणसुद्धा दिसत नव्हती. आणि तिथे, माडांच्या पुढे, वाळूचा एक छोटा उंचवटा. चार बाजूंना चार काठ्या, वर हिरवी जाळी पांघरलेली आणि एका काठीला पांढरं फडकं.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे असं काही दिसल्यावर माणूस काय करतो?

चपला पायातून कधी निघाल्या मला कळलं नाही. हात आपोआप जोडले गेले. शेजारच्या झुडपावरचं एक पांढरं फूल तोडून वाहिलं. आणि खरं सांगतो, तोंडातून शब्दही निघून गेले. "मला नको. तिला एक मूल दे. तिला कळू देऊ नकोस मी मागितलं ते."

मागून आवाज आला, "सावंतभाई, ये कौन सा स्थान है?"

लाजोभाभी! हातात चपला, डोक्यावर पदर. आता हात जोडून फूल वाहिलेला माणूस "मला माहीत नाही" असं कसं म्हणणार?  तोंडातून एकच शब्द बाहेर पडला.

"जागृत आहे."

झालं! तो एक शब्द बेटभर फिरायला नाश्त्याची वेळसुद्धा लागली नाही. भाभींनी खडीसाखर ठेवली. कुणी म्हणालं हिरवं पांघरूण आहे, पीरबाबा असणार. कुणी म्हणालं समुद्रदेवी. भाभी सिंधी, त्यांच्या मते त्यांच्या जलदेवाशिवाय, झूलेलालशिवाय पाण्यात दुसरा कोण येणार? भांडण मात्र कुणी केलं नाही. ज्याने त्याने आपापला देव त्या वाळूत बघितला आणि फूल वाहिलं. मॅडम त्या दिवशी शेजारच्या बेटावर गेल्या होत्या. अडवणार कोण?

कांबळेसाहेबांनी आधीच सांगून टाकलं, "सावंत, मी बौद्ध माणूस, मी हात जोडणार नाही." पण जागा शांत आहे म्हणून ते थोडं लांब मांडी घालून, डोळे मिटून बसले. लोकांनी लगेच कुजबुज केली, "ते देव न मानणारे, तेसुद्धा बसले! म्हणजे बघा!"

दुपारी जेवताना एक अनोळखी गृहस्थ माझ्या कानाशी लागले. "ऐकलंत का? अंबरनाथच्या कुणा माणसाला इथल्या नवसाने मूल झालं म्हणे."

मी हातातला घास ताटात ठेवला. "कुणाला?"

"नाव नाही कळलं. पण खात्रीची बातमी आहे!"

अहो, अंबरनाथचे तिथे दोघेच, मी आणि कांबळेसाहेब. त्यांची मुलं तर कॉलेजात! म्हणजे भाभींनी मागून ऐकलेली माझीच बातमी, माझ्या ताटात, मला न विचारता! मी हसणारच होतो, पण समोर सुनंदा बसली होती आणि तिने ते ऐकलं होतं.

तिने भात तसाच ठेवला. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, एवढ्या लांब आलोच आहोत तर... जाऊन येऊ या का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जिला देव नको होता, जिला मागायचं नव्हतं, तिला मी समुद्रापार आणून पुन्हा रांगेत उभं केलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांत पुन्हा ते जुनं, दुखरं काहीतरी उजळलं होतं, आणि ते विझवायची माझी छाती झाली नाही.

सूर्य पाण्यात उतरला तसे सगळे मागच्या किनाऱ्यावर जमले. लाजोभाभींनी स्वयंपाकघरातून कणीक मागून दिवा केला होता. बाकीच्यांनी करवंट्यांत खोबरेल घालून वाती लावल्या. त्या निळ्या अंधारात ते दिवे, ती माणसं, मागे शांत पाणी... मी स्वतःच स्थापलेल्या देवापुढे माझे डोळे भरून आले. सुनंदा पुढे सरकली, तिने पदराच्या कडेचा एक दोरा काढला आणि काठीला बांधला.

आणि देव हलला!

खरंच हलला हो! वाळू मधोमध खचली, थरथरली. "प्रगट हो रहे हैं!" लाजोभाभी किंचाळल्या. कुणी आडवं पडलं, कुणी टाळ्या वाजवायला लागलं. तेवढ्यात होडीतून उतरून कुणीतरी पाण्यातून धावत आलं. मॅडम!

"बत्ती बुझाओ! सब बत्ती बुझाओ! अंडा है! कछुए का अंडा!"

त्यांनी वरची जाळी ओढून काढली. वाळूतून एक इवलंसं काळं डोकं वर आलं, मग एक वल्ह्यासारखा पाय. मग दुसरं, तिसरं, आणि मग मोजायची सोयच राहिली नाही. आणि ती पिल्लं समुद्राकडे जायची सोडून आमच्या दिव्यांकडे निघाली! मॅडम अक्षरशः रडवेल्या झाल्या होत्या. "ये रोशनी को समंदर समझते हैं. उधर गए तो मर जाएँगे!"

फुंकर मारून दिवे विझवायला आम्हाला क्षणही लागला नाही. पण झोपड्यांचे दिवे मागे चमकत होतेच. तेव्हा सुनंदा उठली. खांद्यावरची शाल तिने दोन्ही हातांनी पसरली आणि झोपड्यांकडे पाठ करून उभी राहिली. शेजारी वहिनी, मग लाजोभाभी, मग सगळ्या बायका. साड्या, ओढण्या, चादरी, एक लांबच्या लांब पडदा. मॅडमनी कणकेच्या दिव्याजवळ पोहोचलेली पिल्लं उचलून पाण्याकडे तोंड करून ठेवली. पुढे नुसता समुद्राचा मंद उजेड राहिला, आणि त्या उजेडाकडे सगळी पिल्लं तुरुतुरु निघाली. कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. एक पिल्लू सुनंदाच्या पायावर चढलं, थोडं थांबलं आणि पलीकडे उतरून पाण्यात गेलं. ती रडत होती, पण हसतही होती.

शेवटचं पिल्लू गेल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं. फूल, भाभी, तो एक शब्द. ऐकताना ती काठीवरच्या दोऱ्याकडे बघत होती. माझी पाचावर धारण बसली.

"म्हणजे तो देव तुम्ही काढलात?"

"हो."

"आणि मी माझ्या चांगल्या पदराचा दोरा त्या अंड्यांना बांधला?"

आणि ती हसायला लागली. वाळूत बसून, पोट धरून, लग्नाआधी हसायची म्हणे तशी. मी ओशाळून उभा. पण मनात म्हटलं, हसतेय ना, मग माझी फजिती कितीही होऊ दे. आणि झालीच. मॅडमनी मला शिक्षा दिली. बाजूला मॅडमनी तशीच जाळी घालून राखलेलं कासवाचं दुसरं घरटं होतं, त्याच्यापाशी बसून येणाऱ्याला सांगायचं, हा देव नाही. बाकीचे काचेच्या तळाच्या होडीतून पोवळी बघत हिंडले, सुनंदा रोज संध्याकाळी येऊन मला निळ्या, पिवळ्या माशांची वर्णनं सांगायची, आणि मी वाळूत बसून होतो. त्यातही नवीन आलेल्या एका आजीबाईंनी मलाच नमस्कार केला.

पुढचं ऐका. दीडेक वर्षाने आम्हाला मुलगी झाली. हो, झाली! कशी, का, ते डॉक्टर जाणे. सुनंदा म्हणते, तिथे पहिल्यांदा मन मोकळं झालं. मला काय कळतंय?

आणि एका रविवारी दारात कोण? लाजोभाभी! डोक्यावर पदर, हातात मिठाईचा खोका, बरोबर नवी सून. त्यांनी माझ्या मांडीवरच्या पोरीकडे बोट दाखवलं.

"अब बोलो सावंतभाई! अभी भी कछुए का अंडा था?"

  पोरगी माझ्या शर्टाचं बटण चावत बसली होती.

"बहू को भेजना है वहाँ. पूजा का सामान बताओ. दिये कितने ले जाएँ?"

दिये! माझ्या डोळ्यांपुढे ती भरकटलेली पिल्लं आली. मी घाईघाईने म्हणालो, "नाही, नाही, भाभी! त्याला दिवा चालत नाही. फूल नाही, नारळ नाही. हात लावायचा नाही. लांबूनच नमस्कार करायचा आणि गुपचूप परत यायचं."

"इतना कड़क? क्यों?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सुनंदा कान देऊन ऐकत होती हे मला भिंतीआडूनही कळलं. मी घसा खाकरला.

"जागृत आहे."

आतून आवाज आला, "बुवा, पाहुण्यांना चहा चालेल का विचारा!"