चारी तारा एकदम

"चारी तारा एकदम? आं? चारी एकदम कोनी उतरवल्या?"

भाऊ ओरडत होते. भाऊंचं ओरडणं म्हणजे काय, हे सांगून तुम्हाला पटणार नाही. समोरच्या माडावरचे कावळे उठले ते थेट चिंचणीला गेले आणि त्यातले काही अजून परतलेले नाहीत. मी भाऊंना बोईसर स्टेशनवरून घेऊन आलो होतो. त्यांची बॅग माझ्याच हातात होती. चपला न काढता ते आतल्या खोलीत घुसले होते आणि आता डबल बेस नावाच्या कपाटाएवढ्या वाद्याचे खांदे धरून त्याला गदागदा हलवत होते. आतून आवाज आला. खुळुक.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात. हातात परात. परातीत चार जाड तारा वेटोळी घालून बसलेल्या, चिंचेने घासलेल्या, देव्हाऱ्यातल्या समईला लाज वाटेल अशा लखलखीत.

"मी उतरवल्या," वहिनी म्हणाल्या. "उकळून काढल्या. तुमीच तर उकळता."

भाऊंना हे ऐकू गेलं नाही. परात मात्र दिसली. भाऊ मटकन कॉटवर बसले.

यात एवढं बसण्यासारखं काय झालं, हे कळायला तुम्हाला आधी भाऊ कळायला हवेत.

पालघरकडच्या हळदीला तुम्ही कधी गेला असाल, तर आमचा ऑर्केस्ट्रा तुम्ही पाहिला असेल. माइकवर बडबडणारा, जांभळ्या कोटातला देखणा निवेदक म्हणजे मी. माझ्या मागे, ड्रमच्या शेजारी, डोळे मिटून, बेस गिटारच्या वरच्या शिंगावर हनुवटी टेकवून उभा असलेला उंच माणूस म्हणजे भाऊ. बेस वाजतोय हे कुणाला कळत नाही, पण बंद पडला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, मांडवाचे बांबू सैल होतात आणि नवरदेवाला लग्नाचा फेरविचार सुचतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

भाऊ दिवसा तारापूरच्या एमआयडीसीत, कापडाच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मिस्त्री होते. मागांची शेड. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं, आणि तरी तो "हां हां" म्हणून भलतंच काम करतो. त्या शेडमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

ऑर्केस्ट्रासाठी नवा बेस घ्यायचा ठरला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर मुंबईला गेलो होतो. दुकानदाराने आरशासारखी चकाकणारी गिटार काढली आणि वायर लावायला गेला. भाऊंनी वायर धरली.

"आदी बिन करंटचा आयक," ते म्हणाले. "करंट लावल्यावर गाढव पन गातो."

मग एका डोळ्याने त्यांनी गिटारची मान पाहिली, सुतार फळी पाहतो तशी. शिंगावर हनुवटी टेकवली, एक तार छेडली आणि डोळे मिटले. दुकानातल्या झाडून सगळ्या गिटारींना त्यांनी अशी हनुवटी लावली. दुकानदाराला वाटलं, हा माणूस दाढी करून घ्यायला आलाय. शेवटी भाऊंनी कोपऱ्यातली एक पोचे पडलेली, रंग उडालेली गिटार उचलली. "ही बोलते," म्हणाले. आणि खरंच, आमच्या मंडळात सगळ्यांत कमी कुरकुर त्या गिटारीनेच केली. त्यात मीही आलो.

हनुवटीचं हे वेड गिटारीपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. फणस पिकलाय का, हनुवटी. पाण्याची टाकी भरली का, हनुवटी. मुलीला पाहायला मुलगा आला, तेव्हा भाऊंनी बाहेर जाऊन त्याच्या मोटारसायकलच्या टाकीला हनुवटी लावली आणि आत येऊन जाहीर केलं, "पोरगा बरा हाय. सायलेन्सर खोटा बोलतो." लग्न झालं. मुलगा बराच निघाला. सायलेन्सर सहा महिन्यांत पडला.

आणि जपणूक! हळदीत उधळलेली हळद तारांवर बसते, वर घाम, वर समुद्राचा खारा वारा, वर एमआयडीसीचा धूर. आमच्याकडे ठेवलेली तार एका पावसाळ्यात गंजून मांजराच्या शेपटीसारखी होते. भाऊ कार्यक्रम संपला की वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने एकेक तार पुसायचे. गिटारच्या पेटीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, ओल धरू नये म्हणून. आणि तारा अगदीच मुक्या झाल्या की त्या उतरवून उकळत्या पाण्यात. तेही वहिनींच्या भाताच्या टोपात!

"त्या टोपात मी भात करते हो," वहिनी म्हणायच्या.

"मग भाताला सूर येल," भाऊ म्हणायचे.

पण गिटार म्हणजे त्यांची नोकरी होती. जीव होता तो डबल बेसवर. डबल बेस म्हणजे व्हायोलिनचा खापरपणजोबा. माणसाहून उंच, पोट सुटलेला, उभ्याने मिठी मारून वाजवायचा. वसईकडच्या एका म्हाताऱ्या वाजंत्र्याच्या पडवीत भाऊंना तो सापडला. त्यात कोंबडी अंडी घालायची. आणताना वैतरणेच्या खाडीत होडी डुलली, तेव्हा भाऊंनी म्हणे एका हातात छत्री धरून डबल बेसला सावली केली आणि दुसऱ्या हाताने होडी धरली. होडीबाहेर पोहत राहून. हे मला स्वतः भाऊंनीच सांगितलं, म्हणजे यातलं अर्धं तरी खरं असणार.

डबल बेसला मांडवात कधी नेलं नाही. तो घरात उभा. कामावरून आले की भाऊ त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून वाजवत बसायचे. आम्ही हसायचो.

आमचं हसू थांबलं ते पालघरजवळच्या एका हळदीत. ऐन रंगात लाइट गेली. अंधार नव्हता, संध्याकाळचा उजेड होता, पण माझा माइक मेला, कीबोर्ड मेला, स्पीकर मेले. वऱ्हाडी ओरडायला लागले. आम्ही सगळे हात खाली सोडून उभे. भाऊ मात्र वाजवत होते. डोळे मिटलेले, हनुवटी शिंगावर, बोटं तारांवर चालताहेत आणि आवाज काहीच नाही. अख्ख्या मांडवासमोर एक माणूस मूकपणे गाणं वाजवतोय. पोरं हसायला लागली. मला वाटलं, भाऊ नेहमीप्रमाणे गंमत करताहेत.

आमचा ड्रमवाला उत्तरेकडचा, बोईसरला पॅकिंगच्या कामाला. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "भैया, चाचा को पता ही नहीं कि लाइट गई है."

"म्हणजे?"

"उनको सुनाई नहीं देता. हड्डी से सुनते हैं. मेरे अब्बा भी लूम पे थे."

एवढं बोलून त्याने पायाने मोठा ड्रम हळू वाजवायला सुरुवात केली, भाऊंच्या बोटांकडे बघत, त्यांच्या तालात. लाइट येईपर्यंत. मी मेलेला माइक खाली ठेवला आणि हसणाऱ्या पोरांना हाताने गप्प केलं.

परतताना टेम्पोत भाऊच म्हणाले, "तुला कळला ना? कुनाला सांगू नको. जाड आवाज हाडातून येतो, तवर मी हाय."

मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय ते पहिल्यांदा.

पुढे कान आणखी गेले. ड्रम गेला, मी गेलो, दारावरची कडी गेली. राहिला डबल बेस. आणि त्या डबल बेसमुळे या घरात एक असली गोष्ट चालायची, की मी ती मांडवात सांगितली तर लोक म्हणतील, आता हा अति करतोय. चहाच्या वेळी गेलो तर दिसायचं: भाऊ स्टुलावर, हनुवटी डबल बेसच्या खांद्यावर, हात तारांवरून बाजूला. आणि वहिनी खाली पाटावर बसून, त्याच्या पोटावर जे लांबट भोक असतं त्याला तोंड लावून बोलताहेत. कोण आलं, मच्छीवालीने काय दिलं, मुलीचा फोन काय आला. वहिनींचा आवाज मुळात जाड. तो लाकडात शिरायचा, लाकडातून हनुवटीत. भाऊ मध्येच "हां" म्हणायचे, मध्येच भांडायचेसुद्धा.

"तोंडावर बोललेला आयकू येत नाय," वहिनी मला म्हणाल्या होत्या. "पोटात बोललेला येतो."

तर आता त्या दिवसाकडे या. मुलीने भाऊंना मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरने तपासून सांगितलं की कानात यंत्र घालून आता उपयोग नाही. भाऊ ते ऐकून, म्हणजे मुलीने कागदावर लिहिलेलं वाचून, गाडीत बसले.  त्यांना फक्त आतल्या खोलीत जायचं होतं.

आणि इकडे वहिनींनी, ते येईपर्यंत काहीतरी चांगलं करावं म्हणून, धुरामुळे काळ्या पडलेल्या चारी तारा उतरवून भाताच्या टोपात उकळल्या होत्या. गिटारला चालतं ते याला चालत नाही. डबल बेसच्या पोटात, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या एका पायाखाली, लाकडाचा दांडा उभा असतो. त्याला खिळा नाही, सरस नाही. तारांचा ताण वरून दाबतो म्हणून तो उभा. वहिनींच्या माहेरी, एडवणला, केळीच्या घडाला जो आधार लावतात त्याला टेकू म्हणतात, म्हणून भाऊ यालाही टेकूच म्हणायचे. तारा बदलायच्या तर एकेक. चारी एकदम उतरवल्या, टेकू आडवा. मग तो डबल बेस नाही, पेटारा.

भाऊंनी कॉटवरून उठून डबल बेसच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. वहिनींनी भोकाला तोंड लावून काहीतरी सांगितलं. भाऊंनी मान हलवली. नाही.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी उठून पोटमाळ्यावरून लोखंडाची एक लांब आकडी काढली. लहानपणी एडवणच्या खडकांतल्या बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, ओढून काढायची ती आकडी. तिचं टोक पाट्यावर घासून सुईसारखं केलं. मला म्हणाल्या, "भावजी, बॅटरी धरा. बडबडू नका."

मी बॅटरी धरली. आयुष्यातलं माझं ते सर्वांत लांबलेलं मौन. वहिनींनी आकडीच्या टोकाने टेकू टोचून उचलला, भोकातून आत डोकावत उभा केला. पडला. पुन्हा केला. पडला. चिंबोरी दहा पायांची असून इतकी छळत नाही, हा तर पाय नसलेला. भाऊ डबल बेसला लहान मुलासारखं मांडीवर आडवं धरून बसले होते आणि बोटाने दाखवत होते, इकडे, जरा इकडे, तुझ्या बाजूला. शेवटी टेकू आत घट्ट बसला. घोडी उभी राहिली. भाऊंनी एकेक तार चढवली, हळूहळू, या तारेला जरा, त्या तारेला जरा.

मग ते स्टुलावर बसले आणि खांद्यावर हनुवटी ठेवली. वहिनी पाटावर बसल्या, भोकाला तोंड लावलं आणि काहीतरी बोलल्या. मी शेजारी उभा असून मला ऐकू आलं नाही.

भाऊंनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले.

"घेईन. पन आलं घाल."

त्यानंतर भाऊ फार नाही राहिले. एका दुपारी जेवून कलंडले ते कलंडलेच. ऑर्केस्ट्रात आता नवा मुलगा बेस वाजवतो. चांगला वाजवतो. वायर लावल्याशिवाय तो गिटारला हात लावत नाही. पोरं नाचतात. मला मात्र मध्येच पाय अडखळल्यासारखं वाटतं. परवा बाजारात मी कुणी बघत नाही असं पाहून एका फणसाला हनुवटी लावली. काही आलं नाही. काटे टोचले.

त्याच दिवशी वहिनींकडे गेलो. आतल्या खोलीत डबल बेस उभा होता. धूळ नाही. वहिनी स्टुलावर बसून लुगड्याच्या तुकड्याने तारा पुसत होत्या. एक पुसून झाली की दुसरी. पुसून झाल्यावर खुंटी जराशी पिळून तार ताणत होत्या. खाली पाट होता.

मला राहवलं नाही. "वहिनी," मी म्हटलं, "आता वाजवणारं कोणी नाही, ऐकणारं कोणी नाही. कशाला रोज ताणता? सैल सोडा की. लाकडालाही आराम."

वहिनींनी वर पाहिलं नाही. पुढची तार धरली.

"सैल सोडल्या तर टेकू पडतो," त्या म्हणाल्या.