भाईंचा मोगरा

सौदीत, कुवेतच्या सीमेलगतच्या खफजीच्या कॉलनीत आम्ही कण्हेर आणि बोगनवेल लावायचो, कारण उत्तरेकडच्या थंडीत दुसरं काही टिकत नसे. शेजारचे क्रेन चालवणारे रत्नागिरीचे भाई मात्र मोगऱ्यावर अडून बसले. रात्री कुंडीवर स्वतःचा स्वेटर घालत आणि सकाळी मोगऱ्याला दटावत, "लाडात येऊ नको रे, हे कोकण नाय!" पाणी ऊन चढल्यावरच देत, तेही बेताने.

आखाती युद्धात गाव रिकामं करून दम्मामला निघताना त्यांनी कुंडी माझ्या मांडीवर ठेवली.

"भाई, बॅगा राहिल्या! फेका ही कुंडी!"

"बॅगा दम्माममध्ये मिळतील, साहेब. यल्ला, चला, घट्ट धरा."

नंतर कुवेतच्या जळत्या तेलविहिरींची काजळी दम्मामपर्यंत आली. भाई रोज साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसत आणि शिव्या देत.

उन्हाळ्यात मोगरा फुलला. भाईंनी कुंडी खांद्यावर घेऊन बिल्डिंगभर वरात काढली. मल्याळी, पाकिस्तानी, सगळे टाळ्या वाजवत मागे. भाई ओरडत होते, "साहेबांनी वाचवला! वाटभर मांडीवर घेऊन बसले!"

लोकांनी मलाच हार घातला, आणि मी तो घालून घेतला. आज लिहून ठेवतो, मी ती कुंडी फेकायला निघालो होतो. जिंकले ते भाई.