न वाचलेल्या चिठ्ठ्यांची वही

सोलापुरात नवी पेठेतल्या आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरखाली एक लांबट वही असते. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही की अप्पा, म्हणजे माझे वडील, चिठ्ठीवरची ती ओळ जशी दिसेल तशी, वळणावळणासकट या वहीत उतरवून घेत आणि डॉक्टरांना फोन लावत. उत्तर मिळालं की त्या चित्रापुढं औषधाचं नाव लिहीत. तोवर गिऱ्हाईक बाकावर बसून राही. अप्पांना जाऊन आता पाच महिने झाले. परवा ती वही चाळताना मला मध्येच माझी सीईटी सापडली.

अप्पांचं शिक्षण बारावीपर्यंत. औषधांतलं त्यांना खूप कळे, पण कायद्यानं दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. ती जागा एक काका सांभाळत. भिंतीवर त्यांचं प्रमाणपत्र आणि त्याच्या बरोबर खाली खुर्चीत ते स्वतः, दोघंही फ्रेममध्ये बसवल्यासारखे. मी बारावीत गेले त्या वर्षी काकांनी वर्तमानपत्राच्या आडून जाहीर केलं, की पाच वर्षांनी आपण पुण्याला मुलाकडं जाणार.

अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘मग हिला डिप्लोमा. दोन वर्षांत हुतंय की. प्रवेशाला परीक्षा न्हाय, काय न्हाय.’’

मला फार्मसीची डिग्री हवी होती. दुकानाला फार्मासिस्ट मिळावा वगैरे विचार माझ्या मनात नव्हते. एका कॉलेजच्या वाचनालयात मी मुळांच्या आणि सालींच्या चित्रांची जाडजूड पुस्तकं पाहिली होती आणि त्यांच्याजवळ चार वर्षं बसायची माझी इच्छा होती. मी हट्ट करणारी मुलगी नव्हे. जेवताना गप्प राहायला लागले. पण गप्प मी एरवीही असायचे, त्यामुळं ते कुणाच्या लक्षात यायला तिसरा दिवस उजाडला.

‘‘एक डाव दे सीईटी,’’ अप्पा म्हणाले. ‘‘सोलापुरात सीट मिळाली तर डिग्री. न्हायतर डिप्लोमा, आन् तोंड पाडायचं न्हाय.’’

क्लास सकाळचा असे. दुपारी मी काउंटरच्या आतल्या स्टुलावर जीवशास्त्र वाचत बसायची आणि समोर अप्पांचा कारभार चाले. वळसंगच्या एक आजी महिन्यातून एकदा येत. त्या कधी चिठ्ठी आणत नसत.

‘‘ती पांढरी गोळी दे की. मधी रेघ असल्याली.’’

‘‘आजी, मधी रेघ असल्याल्या पांढऱ्या गोळ्या कपाटभर हायत.’’

‘‘मागल्या बारीला तूच दिलीस.’’

‘‘चिठ्ठी बघून दिली. चिठ्ठी कुटं हाय?’’

‘‘घरी हाय. देवाम्होरं.’’

‘‘मग देवालाच इचारा जावा.’’

मग त्या अप्पांनाच आपल्या लेकाला फोन लावायला सांगत, लेक चिठ्ठीचा फोटो पाठवी, आणि फोटोतलं अक्षर लागत नसे. अप्पा वही काढत. ‘‘तुला वाचायला येत न्हाय व्हय?’’ आजी विचारत. अप्पा अगदी सहज सांगत, ‘‘न्हाय येत.’’ घरात आम्ही मराठी आणि कन्नड मिसळूनच बोलतो. माझ्याकडं वळून ते म्हणत, ‘‘गोत्तिल्ल म्हणायला लाजायचं न्हाय. म्हाईत न्हाय तर म्हाईत न्हाय. अंदाजानं दिली आन् माणूस गेला, तर?’’

हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की क्लासची पहिली सराव परीक्षा झाली तेव्हा दोनशेपैकी एकसष्ट प्रश्न मी कोरे सोडले.

क्लासच्या सरांनी माझा निकाल सगळ्यांसमोर पडद्यावर लावला. ‘‘हा काय उपवास आहे का?’’

मी उभी राहिले.

‘‘निगेटिव्ह मार्किंग नाही, हे ठाऊक आहे ना? चुकलं तरी मार्क जात नाहीत.’’

‘‘ठाऊक आहे, सर.’’

‘‘मग कोरे का?’’

‘‘येत नव्हते.’’

वर्ग हसला. इतरांनाही येत नव्हतेच, पण त्यांनी तुक्के मारले होते आणि त्यांतले बरेच लागले होते. माझ्या शेजारच्या मुलीनं भौतिकशास्त्राच्या शेवटच्या पानाला सरसकट तिसरा पर्याय दिला होता आणि ती माझ्या बरीच पुढं होती. पुढच्या दोन परीक्षांतही मी तशीच उपाशी राहिले. मग सरांनी अप्पांना बोलावलं.

अप्पा दुकानातून तसेच आले, खिशाला दोन पेनं आणि गोळ्यांची पाकिटं कापायची कात्री. सरांनी त्यांना समजावलं, ‘‘चार पर्याय असतात. येत नसेल तर एक ठोकून द्यायचा. लागला तर लागला.’’

‘‘सर, तुमाला बरं नसलं तर चार बाटल्यांतली एक ठोकून देऊ का मी?’’

सरांनी माझ्या निकालाचा कागद अप्पांपुढं सरकवला. मग म्हणाले, ‘‘देऊ नका. पण ती कोरे सोडत राहिली तर तिची सीट जाईल. पोरगी हुशार आहे.’’

स्कूटरवरून दुकानात येईपर्यंत अप्पा एक शब्द बोलले नाहीत, आणि सोलापूरच्या रहदारीत काही न बोलता स्कूटर चालवणं त्यांना कधी जमलेलं नव्हतं.

दुकानात त्यांनी काकांपुढं गाऱ्हाणं मांडलं. काकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. हे इतकं क्वचित घडे, की मी पुस्तक मिटलं.

‘‘त्या परीक्षेच्या पेपरातला बेडूक तुझ्या पोरीच्या उत्तरानं मरणार आहे का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘न्हाय.’’

‘‘मग ठोकू दे की.’’

‘‘आन् तीच सवय हितं काउंटरला लागली म्हंजे?’’

काकांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. अप्पांनी दोन रिकामी खोकी उगाचच एकात एक घातली, पुन्हा बाहेर काढली. मग खाली वाकून ती लांबट वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली. ‘‘ठोक. पण जे ठोकलंस ते हितं लिव्हायचं. खरं उत्तर सापडलं की त्याच्याम्होरं लिव्हायचं. त्याबिगर दुसरी परीक्षा द्यायची न्हाय.’’

तेव्हापासून त्या वहीत कुणा डॉक्टरांच्या अगम्य वेटोळ्याखाली ‘बेडकाच्या हृदयाला कप्पे किती — चार ठोकले — खरे तीन’ अशा ओळी येऊ लागल्या. काकासुद्धा त्या वाचत. एकदा त्यांनी माझी एक ओळ डॉक्टरांची समजून दवाखान्यात फोन केला आणि बेडकाची चौकशी केली. डॉक्टरांनी म्हणे बराच विचार करून ‘नंतर सांगतो’ म्हटलं.

परीक्षा संगणकावर होती. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा दोन्ही विभागांतले मिळून तेवीस प्रश्न मी अंदाजानं भरले होते. प्रत्येक क्लिकला वळसंगच्या आजी पांढरी गोळी गिळताना डोळ्यांसमोर येत होत्या. कच्च्या कामाचा कागद तिथंच द्यायचा असल्यामुळं ते प्रश्न मी पाठ करत बाहेर आले. फाटकापाशी इतर आईवडील ‘कसा गेला, कसा गेला’ करत होते. अप्पा स्कूटरच्या सीटवर वही उघडून पेन धरून उभे होते.

‘‘किती?’’

‘‘तेवीस.’’

‘‘सांग.’’

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. आजूबाजूचे पालक पंचनामा पाहावा तसे पाहत होते. शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यात अर्धाच शिल्लक राहिला होता. त्यांनी तो अर्धाच लिहिला.

सीट मिळाली, सोलापुरातच. चार वर्षांनी काका पुण्याला गेले, जाताना त्यांनी प्रमाणपत्र स्वतः खिळ्यावरून उतरवलं आणि त्या खिळ्याला माझं लागलं. अप्पांनी ते सरळ आहे की नाही, हे रस्त्याच्या पलीकडं जाऊन पाहिलं.

परवा सापडलं ते हेच पान. तेवीस ओळी, अप्पांच्या घाईच्या अक्षरात. बावीस ओळींपुढं उत्तरं आहेत. ती सीईटी सेलनं नंतर जाहीर केलीच होती, पण अप्पांना थांबवेना. चिठ्ठ्यांसाठी फोन केला की त्यांनी डॉक्टरांना ‘आजून एक इचारायचं हुतं’ म्हणून एकेक विचारून घेतलेलं दिसतंय. कंसात डॉक्टर कोण, तेही आहे. तेविसावी ओळ अशी: ‘कोणत्या संप्रेरकामुळे फळ’. त्यापुढं काही नाही. खाली बारीक अक्षरात, ‘अर्धा आहे. हिला आठवला की विचारणे.’

मी पेनाचं टोपण काढलं. संप्रेरकं मी चार वर्षं शिकले. फळ पिकतं असेल तर उत्तर एक, गळतं असेल तर दुसरं. दोन्ही मला येतात. पण प्रश्न कुठला होता ते आजही आठवेना.

समोर वळसंगच्या आजी येऊन बसल्या होत्या. ‘‘काय लिव्हायलीस?’’

‘‘काही नाही, आजी. वाचता येत नाही.’’

‘‘तुलाबी येत न्हाय व्हय,’’ त्या म्हणाल्या, आणि बाकावर नीट टेकून बसल्या.

मी ती ओळ तशीच ठेवली आणि चिठ्ठी मागितली.